विश्लेषण : शंभराच्या वस्तूला साठ रुपयांचे टपाल... छोट्या ऑनलाइन विक्रेत्यांचा हिशेब का बिघडला?

हाताने रंगवलेली शुभेच्छापत्रे, जुनी पुस्तके, फर्स्ट डे कव्हर, घडीचे आकाशकंदील... इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपवर असा किरकोळ माल विकणाऱ्यांचा धंदा टपालाच्या दरावर चालतो. १ सप्टेंबर २०२५ रोजी रजिस्टर पोस्ट ही स्वतंत्र सेवा बंद होऊन स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली. महिनाभराने, १ ऑक्टोबरला, स्पीड पोस्टचे नवे दर आले. बातम्यांमध्ये ही वाढ काही रुपयांची दिसली. स्वस्त वस्तू विकणाऱ्याचा नफाही काही रुपयांचाच असतो. त्यामुळे ही वाढ त्याच्यापर्यंत नेमकी कशी पोहोचते, हे आकडे मांडून पाहावे लागते.

नेमके काय बदलले?

स्पीड पोस्ट १ ऑगस्ट १९८६ रोजी सुरू झाली. तिचे दर याआधी ऑक्टोबर २०१२ मध्ये बदलले होते. म्हणजे तेरा वर्षे ५० ग्रॅमपर्यंतचे पाकीट शहराबाहेर कुठेही ३५ रुपयांत जात होते. आता त्याला ४७ रुपये पडतात. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की पूर्वीचे ४१ रुपये ३० पैसे आता ५५ रुपये ४६ पैसे होतात.

पण अनेक छोटे विक्रेते स्पीड पोस्ट वापरतच नव्हते. त्यांचा आधार होता रजिस्टर पोस्ट. त्यात २५ रुपये ९६ पैसे मूळ शुल्क आणि दर २० ग्रॅमला ५ रुपये लागत. म्हणजे २० ग्रॅमचे पाकीट ३० रुपये ९६ पैशांत जायचे. पावती मिळायची, क्रमांक मिळायचा, पाकीट कुठे आहे ते पाहता यायचे आणि घेणाऱ्याची सही व्हायची. चार दिवस जास्त लागले तरी ग्राहकाची तक्रार नसे.

आता हेच पाकीट स्पीड पोस्टने पाठवावे लागते. ते त्याच व्यक्तीच्या हाती पडावे अशी रजिस्ट्रेशनची सोय हवी असेल तर प्रत्येकी ५ रुपये जास्त. ओटीपी दाखवूनच पाकीट द्यावे असे वाटत असेल तर आणखी ५. या दोन्हींवर जीएसटी वेगळा. रजिस्ट्रेशनसह हिशेब केला तर ६१ रुपये ३६ पैसे. पूर्वीच्या जवळपास दुप्पट.

टपाल खात्याची बाजूही समजून घ्यायला हवी. रजिस्टर पोस्टचा वापर घटत होता. २०११-१२ मध्ये २४ कोटी ४४ लाख नोंदणीकृत टपाल वस्तू पाठवल्या गेल्या होत्या; २०१९-२० मध्ये त्या १८ कोटी ४६ लाखांवर आल्या. दोन सेवांची यंत्रणा वेगवेगळी चालवण्यापेक्षा एकच वेगवान सेवा ठेवण्याचा निर्णय कागदावर पटण्यासारखा आहे. तेरा वर्षे एकच दर ठेवणे कोणत्याही सेवेला परवडणारे नव्हते, हेही खरे. अडचण दरवाढीपेक्षा दुसरीकडे आहे. स्वस्त पर्याय काढून घेतला आणि लगेच महिनाभरात उरलेल्या पर्यायाचे दर वाढवले. तेरा वर्षांची वाढ एका दिवसात अंगावर आली.

शंभर रुपयांत उरते काय?

समजा, पुण्यातील एक विक्रेती हाताने रंगवलेले शुभेच्छापत्र १०० रुपयांना विकते, 'टपालखर्चासह'. कागद, रंग, पाकीट, आतला पुठ्ठा असा खर्च ३५ रुपये. रजिस्टर पोस्टचे ३० रुपये ९६ पैसे गेले की तिच्या हाती साधारण ३४ रुपये राहायचे. आता साधी स्पीड पोस्ट केली तरी ५५ रुपये ४६ पैसे जातात आणि उरतात साडेनऊ रुपये. टपाल वाढले साडेचोवीस रुपयांनी, पण तिची कमाई ७० टक्क्यांहून अधिक घटली. तिचा वेळ, मोबाइलचा डेटा आणि पोस्टात रांगेत घालवलेला अर्धा तास या हिशेबात धरलेलाच नाही.

दीड हजाराची साडी विकणाऱ्यासाठी हेच साडेचोवीस रुपये म्हणजे किमतीच्या दोन टक्क्यांपेक्षाही कमी. तो ते किमतीत मिसळून टाकतो आणि ग्राहकाच्या लक्षातही येत नाही. टपालाचा दर वजनावर आणि अंतरावर ठरतो, वस्तूच्या किमतीशी त्याला देणेघेणे नसते. म्हणून माल जितका स्वस्त, तितका फटका मोठा.

त्यात जीएसटीचाही एक पदर आहे. नोंदणी असलेला व्यापारी टपालावर भरलेला १८ टक्के कर इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणून वळता करून घेऊ शकतो. नोंदणी नसलेल्या किंवा कंपोझिशन योजनेतील विक्रेत्याला ती सोय नाही. त्याच्यासाठी तो कर म्हणजे निव्वळ खर्च.

जवळचे महागले, लांबचे कमी

नव्या दरपत्रकातील सर्वात महत्त्वाची गोष्ट बहुतेक बातम्यांमध्ये आलीच नाही. त्यासाठी जुना आणि नवा तक्ता शेजारी ठेवून वाचावा लागतो.

२०० ग्रॅमचे पाकीट घेऊ. (खालील सर्व आकडे जीएसटी सोडून.) २०० किलोमीटरच्या आत ते पूर्वी ३५ रुपयांत जायचे, आता ५९ रुपये. म्हणजे सुमारे ६९ टक्के वाढ. २०१ ते ५०० किलोमीटरसाठी ४० चे ६३ झाले. ५०१ ते १००० किलोमीटरसाठी ४० चे ६८, म्हणजे ७० टक्के जास्त. आणि लांब? १००१ ते २००० किलोमीटरसाठी ६० चे ७२ म्हणजे २० टक्के. दोन हजार किलोमीटरच्या पलीकडे ७० चे ७७, फक्त १० टक्के. एकाच शहरातले पाकीट तर एक रुपयाने स्वस्त झाले, २५ चे २४.

म्हणजे कोल्हापूरहून गुवाहाटीला पाठवणाऱ्याला वाढ फारशी जाणवत नाही आणि कोल्हापूरहून पुण्याला, मुंबईला किंवा नागपूरला पाठवणाऱ्याला ती सर्वाधिक जाणवते. मराठी सुलेखनाचे प्रिंट, मराठी ओळी छापलेली शुभेच्छापत्रे यांचा ग्राहक कुठे असतो? बहुतांशी याच पट्ट्यात, शंभर ते नऊशे किलोमीटरच्या आत. स्थानिक भाषेतला माल विकणाऱ्याची बाजारपेठ आणि सर्वाधिक दरवाढीचा टप्पा एकच निघाला.

शिवाय नोंदणी नसलेल्या विक्रेत्याला राज्याबाहेर माल विकायला कायद्याने मर्यादा आहेत. १ ऑक्टोबर २०२३ पासून ठरावीक उलाढालीच्या आतील विक्रेत्यांना जीएसटी नोंदणीशिवाय ई-कॉमर्स संकेतस्थळांवर वस्तू विकण्याची मुभा मिळाली, पण ती राज्यांतर्गत विक्रीपुरती. हस्तकलेच्या काही वस्तूंसारखे अपवाद सोडले तर हा वर्ग राज्यातच विकतो. लांबच्या टप्प्यातील सौम्य वाढीचा फायदा त्याला घेताच येत नाही.

वजनाचे टप्पेही बदलले आहेत. पूर्वी ५१ ते २०० आणि २०१ ते ५०० ग्रॅम असे टप्पे होते. आता ५१ ते २५० आणि २५१ ते ५०० असे आहेत. त्यामुळे २४० ग्रॅमच्या पाकिटाला ५०१ ते १००० किलोमीटरसाठी पूर्वी ६० रुपये पडायचे, आता ६८. वाढ तुलनेने कमी. जुन्या सवयीने माल २०० ग्रॅमच्या आत बसवण्यासाठी धडपडणाऱ्यांना आता ५० ग्रॅमची मोकळीक आहे. हलका पुठ्ठा काढून जरा जाड घालायला हरकत नाही.

एक लक्षात घ्यायला हवे. हे दर स्पीड पोस्टच्या 'डॉक्युमेंट' प्रकाराचे, म्हणजे कागदी टपालाचे आहेत. कानातले, रुमाल, मसाल्याची पाकिटे असा माल पार्सल ठरतो आणि त्याचे दरपत्रक वेगळे आहे. काउंटरवर होणारे अनेक वाद याच मुद्द्यावर होतात.

पुस्तकांचे काय झाले?

टपालाचा एक दर बदलला की अख्खा छोटा व्यवसाय कसा हलतो, याचे उदाहरण पुस्तकविक्रेत्यांनी आधीच अनुभवले आहे. पुस्तकांसाठी टपाल खात्याची सवलतीची नोंदणीकृत सेवा होती, विक्रेत्यांच्या भाषेत 'रजिस्टर्ड बुक पोस्ट'. एक किलोची पुस्तके ३२ रुपयांत आणि पाच किलोचा गठ्ठा ८० रुपयांत देशात कुठेही. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या दुकानापासून घरातल्या कपाटातून जुनी पुस्तके विकणाऱ्यापर्यंत सगळ्यांचे गणित यावर होते.

१८ डिसेंबर २०२४ रोजी ही सेवा अचानक बंद झाली. पूर्वसूचना नव्हती. प्रकाशक आणि वाचकांनी नाराजी व्यक्त केली. छोट्या विक्रेत्यांकडे दोनच वाटा उरल्या : पार्सलचा दर ग्राहकाला सांगायचा किंवा ऑर्डर घेणे थांबवायचे. पुस्तक १२० रुपयांचे आणि पाठवण्याचा खर्च तेवढाच, असे सांगितले की ग्राहक 'बघतो' म्हणतो आणि पुन्हा निरोप येत नाही.

साडेचार महिन्यांनी, १ मे २०२५ पासून, टपाल खात्याने 'ज्ञान पोस्ट' सुरू केली. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत कमाल १०० रुपये, कर वेगळे. टपाल विमानाने न जाता जमिनीवरून जाते आणि त्याचा माग काढता येतो. २८० ग्रॅमची जुनी कादंबरी कोल्हापूरहून नागपूरला या सेवेने २० रुपये आणि करात जाते. तेच वजन स्पीड पोस्टच्या कागदी टपालाच्या दराने धरले तरी ८२ रुपये आणि जीएसटी मिळून ९६ रुपये ७६ पैसे होतात. चौपटीहून जास्त फरक.

हा फरक बाजारभावातून आलेला नाही. पुस्तके स्वस्तात पोहोचावीत असे सरकारने ठरवले म्हणून तो आहे. पन्नास पैशांचे पोस्टकार्ड आजही त्याच कारणाने टिकून आहे. २०२४ च्या जूनमध्ये लागू झालेल्या नव्या टपाल कायद्याने सेवांचे शुल्क ठरवण्याचे अधिकार टपाल खात्याच्या महासंचालकांकडे आले. त्यामुळे अशी सवलत देणे आणि काढून घेणे, दोन्ही आता पूर्वीपेक्षा सोपे आहे.

ज्ञान पोस्टच्या अटीही आहेत. पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचे नाव हवे. व्यावसायिक स्वरूपाचा मजकूर चालत नाही. पुस्तकांची यादी वा किरकोळ निवेदन सोडता जाहिराती नकोत. ही शेवटची अट मराठी विक्रेत्यांना आडवी येते ती दिवाळीत. दिवाळी अंक जाहिरातींवरच उभा असतो.

बड्या संकेतस्थळांवर 'फ्री डिलिव्हरी' कशी परवडते?

फुकट काहीच नसते. ॲमेझॉन किंवा फ्लिपकार्टवर ग्राहकाला 'फ्री' दिसणारा पोहोचवण्याचा खर्च बहुतेक वेळा विक्रेत्याच्या बिलातून वळता होतो. कमिशन, प्रत्येक विक्रीमागचे ठरावीक शुल्क आणि वजनानुसार वाहतूक शुल्क अशी वजाबाकी होऊन पैसे खात्यात येतात. मीशो कमिशन घेत नाही, पण तिचे उत्पन्न वाहतूक आणि जाहिरात सेवांमधून येते. म्हणजे तिथेही पार्सल हलवणे हाच पैशाचा मुख्य रस्ता.

फरक आहे तो घासाघिशीच्या ताकदीचा. रोज लाखो पार्सले हलवणाऱ्या कंपनीची स्वतःची वाहतूक यंत्रणा असते आणि एका गाडीत जितकी पार्सले जास्त, तितका एका पार्सलचा खर्च कमी. म्हणूनच २०२५ मध्ये टपालाचे दर वर जात असताना ॲमेझॉन इंडियाने उलटी चाल केली. त्या एप्रिलपासून ३०० रुपयांखालच्या एक कोटी २० लाखांहून अधिक वस्तूंवरचे रेफरल शुल्क शून्यावर आणले आणि देशभरातील वाहतुकीचा किमान दर ७७ वरून ६५ रुपयांवर आणला. स्वस्त मालाचा बाजार नेमका कुठे आहे हे मोठ्यांना बरोबर कळते.

खासगी कुरिअर हा तिसरा रस्ता. तिथेही भाव दरवर्षी चढतात. ब्लू डार्टने १ जानेवारी २०२५ पासून सरासरी ९ ते १२ टक्के वाढ जाहीर केली होती. त्याच वर्षी डेल्हिव्हरीने सुमारे १,४०० कोटी रुपयांना ईकॉम एक्स्प्रेस ही प्रतिस्पर्धी कंपनी विकत घेतली. ऑनलाइन विक्रेत्यांचा माल नेणारा एक स्वतंत्र खेळाडू त्यामुळे कमी झाला.

कुरिअरमध्ये छोट्या विक्रेत्याला चकवणारी गोष्ट म्हणजे आकारमानाचे वजन. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५००० ने भागायचे; आलेला आकडा प्रत्यक्ष वजनापेक्षा जास्त असेल तर पैसे त्याचे. जेमतेम २०० ग्रॅमचा आकाशकंदील ३० सेंटिमीटरच्या चौकोनी खोक्यात गेला की २७,००० भागिले ५०००, म्हणजे ५ किलो ४०० ग्रॅमचे भाडे. तोच कंदील घडी करून ३२ बाय २५ बाय २ सेंटिमीटरच्या पाकिटात बसवला तर हिशेब ३२० ग्रॅमवर येतो आणि अर्ध्या किलोच्या पहिल्या टप्प्यात मावतो. ऑनलाइन विकले जाणारे कंदील घडीचेच का असतात, याचे एक मोठे कारण हे आहे.

मग वजनाचा वाद. घरी ४८० ग्रॅम भरलेले पार्सल कंपनीच्या केंद्रात ५१० भरते आणि पुढच्या टप्प्याचे पैसे कापले जातात. अनुभवी विक्रेते म्हणूनच प्रत्येक पार्सलचा काट्यावर ठेवलेला फोटो काढून ठेवतात, पत्त्याच्या चिठ्ठीसह.

परत आलेल्या पार्सलचे दुखणे

'कॅश ऑन डिलिव्हरी' दिल्याशिवाय विक्री होत नाही आणि दिली की पार्सले परत येतात. दार उघडत नाही, फोन लागत नाही, 'नको आता' असे उत्तर मिळते. जाण्याचे भाडे विक्रेत्याने भरलेले असतेच, बऱ्याचदा येण्याचेही भरावे लागते.

हिशेब सोपा आहे. दहा पार्सले, प्रत्येकी ६० रुपये भाडे, त्यातली दोन परत आली आणि परतीचेही ६० रुपये पडले. एकूण ७२० रुपये, पण विकली गेली आठच. म्हणजे प्रत्येक खऱ्या विक्रीमागे ९० रुपये. आता भाडे ६० चे ७० झाले तर हाच आकडा १०५ वर जातो. दरपत्रकात वाढ दहा रुपयांची, विक्रेत्याला ती पंधराची पडते.

विक्रेते काय करत आहेत?

सर्वात पहिला बदल दिसतो तो सूचनेत : 'किमान ऑर्डर ४९९', 'तीन घेतल्यास टपाल मोफत'. एकेकटी स्वस्त वस्तू यादीतून गायब होते आणि तिची जागा संच घेतो. एका शुभेच्छापत्राऐवजी पाचांचा, एका बुकमार्कऐवजी डझनाचा. २०० ग्रॅमच्या पाकिटाचा खर्च पाच पत्रांवर वाटला गेला की गणित पुन्हा बसते. तोटा होतो तो एकच पत्र हवे असलेल्या ग्राहकाचा, आणि नव्या विक्रेत्याचाही. अनोळखी दुकानातून पहिल्यांदा घेणारा माणूस पाचशेची ऑर्डर देत नाही. तो आधी शंभराची वस्तू मागवून पाहतो.

दुसरा मार्ग गावातल्या गावात विकण्याचा. शहरांतर्गत दर कमी झाल्याने ५० ग्रॅमपर्यंतचे पाकीट वगळता (ते १५ चे १९ झाले) इथे टपाल अजूनही सर्वात स्वस्त आहे. २५० ग्रॅमला २४ रुपये, ५०० ग्रॅमला २८ रुपये, त्यावर जीएसटी. कोणतीही कुरिअर कंपनी या दरात दारात येणे कठीण.

राज्यात मोठे पार्सल असेल तर काही जण एसटीच्या पार्सल सेवेकडे किंवा रात्रीच्या खासगी ट्रॅव्हल्सकडे वळतात. पैसे वाचतात, पण ग्राहकाला पहाटे स्टँडवर जाऊन पार्सल घ्यावे लागते. हे ओळखीच्या गिऱ्हाइकालाच सांगता येते.

टपाल खात्याशी घाऊक ग्राहक म्हणून करार करण्याचा पर्यायही आहे. नव्या घाऊक ग्राहकांना स्पीड पोस्टवर ५ टक्के सवलत जाहीर झाली आहे आणि विद्यार्थ्यांना १० टक्के. महिन्याला तीस-चाळीस पाकिटे पाठवणारा विक्रेता मात्र एकट्याने घाऊक ग्राहक ठरण्याइतका मोठा नसतो. काही ठिकाणी तीन-चार जण मिळून एकाच्या खात्यावर माल पाठवतात. त्यात पाठवणाऱ्याचा पत्ता एकाचाच राहतो आणि परत आलेली सगळी पाकिटे त्याच्या दारात साठतात.

दिवाळी अंक विकणाऱ्यांना यातले काहीच पुरेसे पडत नाही. ४०० ग्रॅमचा एक अंक कोल्हापूरहून नागपूरला स्पीड पोस्टने पाठवायला पूर्वी जीएसटीसह ७० रुपये ८० पैसे लागायचे. आता ९६ रुपये ७६ पैसे लागतात. पुस्तकाला मिळणारा २० रुपयांचा टप्पा त्याला लागू नाही आणि अंक विकायचे दिवस वर्षात मोजून दीड-दोन महिने.